गव्हाण आधी, झाड मागाहून

नाताळच्या गोठ्यात, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यात, हिरवं गवत हवं असेल तर गहू १४ डिसेंबरच्या रात्री भिजत घालावा. जेवणाच्या ताटाएवढ्या पसरट ट्रेला २०० ग्रॅम गहू पुरतो. सकाळी पाणी काढून दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले की १६ तारखेला पांढरे मोड दिसू लागतात. ट्रेमध्ये माती आणि कोकोपीट निम्मंनिम्म मिसळून इंचभर थर द्यायचा. त्यावर दाणे एकमेकांना टेकतील, पण एकावर एक चढणार नाहीत, असे पसरायचे आणि वरून माती नुसती भुरभुरायची. ठाण्याच्या हवेत २४ तारखेपर्यंत चार-पाच इंचांचं दाट, कोवळं गवत उभं राहतं.

बिघडतं ते बहुधा पाण्यामुळे. तांब्याने पाणी ओतलं की दाणे एका कोपऱ्यात वाहून जातात, तळाशी पाणी साचतं आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास येऊन पांढरी बुरशी धरते. म्हणून ट्रेला भोकं हवीत आणि पाणी स्प्रेनेच मारायचं, सकाळी आणि संध्याकाळी. दुसरी चूक घाईची. आठ तारखेला पेरलेला गहू नाताळपर्यंत इतका उंच होतो की स्वतःच्या वजनाने आडवा पडतो आणि शेंड्याला पिवळा पडतो.

ज्या घरात नवरात्रात घट बसतो, तिथे यातलं काही शिकवावं लागत नाही. फरक एवढाच की घट देवघराच्या अंधारात असतो, त्यामुळे त्यातले अंकुर पिवळसर आणि लांब वाढतात, आणि ते तसेच शोभतात. गोठ्याला हिरवा रंग हवा, म्हणून मोड रुजले की ट्रे खिडकीत. ही रीत नाताळने नवरात्राकडून उचलली असंही नाही. फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, बशीत गहू पेरतात. क्रोएशियात आणि हंगेरीत १३ डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी. गोव्यात गोठ्यासाठी नाचणी पेरतात. धान्य पिकवणाऱ्या माणसाला देवापुढे ठेवायला रुजलेल्या दाण्याहून चांगलं काही सुचत नसावं.

नाताळच्या रूढी कुठून आल्या, या प्रश्नाचं सगळ्यात खरं उत्तर मला या गव्हाच्या ट्रेमध्ये दिसतं. हा सण ज्या मुलखात गेला तिथलं, हाताशी असलेलं उचलत गेला. जर्मनीच्या जंगलात त्याला सूचिपर्णी झाड मिळालं. आपल्याकडे मिळाला भाताचा पेंढा. आणि म्हणूनच कापसाचं बर्फ लावलेलं प्लास्टिकचं झाड म्हणजे खरा नाताळ, आणि पेंढ्याचा गोठा म्हणजे आपल्या लोकांनी केलेलं काहीतरी, असं कुणी मानलं की मला मनापासून वाईट वाटतं. क्रम उलटा लागतो. गव्हाण आधी आहे, झाड फार मागाहून आलं.

ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेत नाताळचा अर्थ अगदी थोडक्यात सांगता येतो: देव माणूस झाला, आणि तो राजवाड्यात न येता गरिबाच्या पोटी आला. ही जन्मकथा येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी दोनातच आहे. मत्तयच्या लिखाणात तारा आहे आणि पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक आहेत. लूकच्या लिखाणात मेंढपाळ आहेत आणि गव्हाण आहे. मार्क आणि योहान जन्माची गोष्ट सांगतच नाहीत. ज्ञानी लोक तीनच होते असंही कुठे लिहिलेलं नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी होत्या, त्यावरून माणसं तीन ठरली. पुढे ते राजे झाले आणि त्यांना नावं मिळाली. गोठ्यातला बैल आणि गाढव हे तर शुभवर्तमानात अजिबात नाहीत. बैलाला आपला धनी कळतो आणि गाढवाला धन्याची गव्हाण कळते, अशा अर्थाचं वचन यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात सुरुवातीलाच आहे. तिथून ते दोघे चालत या गोष्टीत आले आणि कायमचे राहिले.

लूकने सांगितलेल्या ‘जागा नव्हती’ या तपशिलात एक गंमत दडलेली आहे. ज्या ग्रीक शब्दाचं भाषांतर धर्मशाळा किंवा उतारशाळा असं होत आलं, त्या ‘काताल्युमा’चा साधा अर्थ पाहुण्यांची खोली. त्या काळच्या तिथल्या साध्या घरात माणसं थोड्या उंचवट्यावर राहायची आणि रात्री गुरं त्याच छपराखाली खालच्या भागात बांधायची. दोन्हींच्या मध्ये गव्हाणी. म्हणजे पाहुण्यांची खोली भरलेली, म्हणून बाळंतीण गुरांच्या बाजूला. बेथलेहेममध्ये ही जागा म्हणजे एक गुहा होती अशी समजूत दुसऱ्या शतकापासून सांगितली जाते, आणि चौथ्या शतकात त्या गुहेवर चर्च बांधलं गेलं. गुहा असो की घराचा खालचा भाग, शहापूर-मुरबाडकडचं जुनं घर ज्याने पाहिलंय त्याला हे चित्र परकं वाटणार नाही. पडवीला लागून गोठा, रात्री गुरांच्या श्वासाची ऊब, आणि बाळंत्यात गुंडाळलेलं पोर. ‘बाळंतं’ आणि ‘गव्हाण’ हे दोन शब्द मराठीत आधीपासून तयार होते. या गोष्टीसाठी नवा शब्द घडवावा लागला नाही.

गोठा मांडण्याची चाल मात्र एका माणसाच्या नावावर आहे. इटलीतल्या ग्रेचो नावाच्या डोंगरातल्या गावात १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गवताने भरलेली गव्हाण मांडली, शेजारी खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं आणि तिथेच मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, झाली. त्या बाळाने काय सोसलं ते लोकांनी डोळ्यांनी पाहावं, एवढाच त्याचा हेतू होता. लॅटिन न कळणाऱ्या शेतकऱ्याला गवताचा वास तर कळतो. पुढे त्याच्या संन्याशांच्या संघाने हा प्रघात गावोगाव नेला आणि जिवंत प्राण्यांच्या जागी मूर्ती आल्या.

इथे ठाणेकरांनी एक तारीख लक्षात ठेवावी. ग्रेचोला शंभर वर्षं व्हायच्या आतच, १३२१ च्या एप्रिलमध्ये, त्याच फ्रान्सिसच्या संघाचे चार जण ठाण्यात मारले गेले: टोलेंटिनोचा थॉमस, पाद्वाचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा दिमित्री. ते पूर्वेकडच्या प्रवासात होते आणि ठाण्यात उतरले होते ते नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी. म्हणजे ख्रिस्ती घरं इथे त्यांच्याही आधी होती. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस ‘कल्याना’ इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवतो, आणि ते आपलं कल्याण असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. वसईचा मुलूख पोर्तुगीजांना देणारा तह १५३४ चा. पोर्तुगीजांबरोबर ख्रिस्ती धर्म या खाडीकाठी आला, असं जे सरसकट सांगितलं जातं, ते म्हणूनच अपुरं आहे.

पोर्तुगीजांनी दिला तो शब्द. ‘नाताळ’ म्हणजे पोर्तुगीज ‘नाताल’, आणि त्याच्या मागे लॅटिन ‘नातालिस’, जन्माचा दिवस. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणं घेतलं, १७७४ च्या अखेरीस ते इंग्रजांकडे गेलं, पण तळ्याकाठचे आणि खाडीकाठचे ख्रिस्ती इथेच राहिले, मराठी बोलत राहिले. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ मध्ये घेतलं. गोव्यात तर फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओव्यांत रचली आणि ती १६१६ मध्ये छापून निघाली. मराठीतून नाताळ सांगायला चारशे वर्षं होऊन गेली आहेत.

आता गोठा प्रत्यक्ष कसा बांधायचा ते. आधी मूर्ती मोजायच्या. उभ्या योसेफाची उंची आठ इंच असेल तर छपराची पुढची कड १६ ते १८ इंचांवर हवी. छप्पर याहून खाली आलं तर सगळे वाकून उभे आहेत असं वाटतं आणि उजेडही आत पोचत नाही. तळाला तीन फूट बाय दोन फूट प्लायवूड पुरतं. चार खांब, दोन आडवी बहालं, मागच्या बाजूला चटई किंवा गोणपाट. खांब बांबूचे घेतले तर आधी गिरमिटाने भोक पाडून घ्यावं, नाहीतर खिळा मारताना बांबू उभा चिरतो. खिळ्यापेक्षा सुतळीची फुली बांधणं चांगलं.

पेंढा डिसेंबरात ताजा मिळतो, कारण भिवंडी-शहापूरकडची झोडणी नुकतीच झालेली असते. आणल्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळवायचा. ओलसर राहिला तर आठवड्यात काळा पडतो आणि कुबट वास सुटतो. नंतर मुठी-मुठीने धरून जमिनीवर झटकायचा. हे फार महत्त्वाचं, कारण लोंबीत अडकलेले चार दाणे उंदरांना बोलवायला पुरेसे असतात, आणि मग रात्री मूर्ती कुणी पाडल्या ते कळत नाही. छप्पर घालताना घर शाकारतात तसंच शाकारायचं: मनगटाएवढ्या पेंड्या बांधून पहिली ओळ खाली, वळचणीला, आणि त्यावर निम्मी चढेल अशी दुसरी. वरून सुरुवात केली की प्रत्येक ओळीची सुतळी उघडी पडते आणि छप्पर केस विस्कटल्यासारखं दिसतं.

डोंगर करायला खाकी कागद चुरगाळून वापरतात. गोणपाट मातीच्या पातळ चिखलात बुडवून खुर्चीच्या पाठीवर, डब्यांवर टाकला तर त्याहून चांगला डोंगर होतो, पण सुकायला पुरे दोन दिवस लागतात, तेव्हा हे काम २० तारखेच्या आत उरकावं. बर्फ करायचंच असा हट्ट अनेक सोसायट्यांत असतो. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, म्हणून लोक कापूस पसरतात. कापूस आणि सुका पेंढा शेजारी शेजारी ठेवून त्यातून दिव्याची माळ नेणं म्हणजे आगीला आमंत्रण. बर्फ नको. माळ एलईडीची, मंद पिवळ्या उजेडाची, मागच्या गोणपाटावर शिवलेली, पेंढ्याला न टेकणारी. अडॅप्टर आणि जोड गोठ्याच्या बाहेर. मेणबत्ती किंवा समई आत कधीच नाही, पुढे जमिनीवर ताटात ठेवावी.

मांडणीत एक शिस्त आहे आणि ती पाळली तरच गोठ्याला अर्थ येतो. २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी. मरिया आणि योसेफ आहेत, बैल आहे, गवत आहे, पण बाळ नाही. ते मिस्सेच्या वेळी, घरी मध्यरात्री, घरातल्या सगळ्यात धाकट्याच्या हातून ठेवावं. तीन राजे पहिल्या दिवसापासून गोठ्यात उभे करणं ही सर्रास होणारी चूक. ते लांबून येताहेत. त्यांना आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटावर ठेवायचं आणि रोज थोडं थोडं पुढे सरकवत ६ जानेवारीला, त्यांच्या सणाला, पोचवायचं. लहान मुलांना सगळ्या सणात हे काम सर्वांत आवडतं. मेंढपाळ मात्र पहिल्या रात्रीच हवेत. त्यांच्या खांद्यावर घोंगडी दिलीत तर ती चूक नाही. ग्रेचोच्या लोकांनी इटलीतलं गवत आणि इटलीतला बैल आणला होता.

पंचवीस डिसेंबर ही तारीख बायबलात नाही. तिसऱ्या शतकाच्या आसपास वेगवेगळे लोक वेगवेगळ्या तारखा मांडत होते, अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट तर मे महिन्यातल्याही एका तारखेची नोंद करतो. रोममध्ये २५ डिसेंबर आढळतो तो ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात, आणि त्यातली ती यादी ३३६ सालची आहे. त्याच संग्रहात त्याच तारखेला ‘अजिंक्या’चा जन्मदिवस आहे, म्हणजे सूर्यदेवाचा. बादशहा ऑरेलियनने २७४ मध्ये या देवाचं मोठं देऊळ रोममध्ये बांधलं होतं. यावरून चर्चने सूर्याचा सण उचलला, असं एक मत. दुसरं मत असं की ख्रिस्ताचा गर्भसंभव आणि मृत्यू एकाच तारखेला, २५ मार्चला, झाले असं मानणारे होते, आणि तिथून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. मला वाटतं, दोन्ही धागे एकाच वेळी विणले जात असावेत. लांबलेली रात्र आता लहान होत जाणार, या दिवसाचा मोह कुणालाच टाळता आलेला नाही.

आपल्यालाही तो टाळता आला नाही. मकरसंक्रांत उत्तरायणाशी जोडलेली, पण प्रत्यक्ष उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं. संक्रांत नक्षत्रांच्या हिशेबाने चालते, त्यामुळे अयनचलनाने, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरत असल्याने, ती सरकत सरकत १४-१५ जानेवारीपर्यंत आली. रोमन पंचांगात २५ डिसेंबर हाच सूर्य वळण्याचा दिवस धरलेला होता. पुढे १५८२ मध्ये ग्रेगरी पोपने पंचांग सुधारलं ते ३२५ सालचा वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, धरून, ज्युलियस सीझरचा काळ धरून नव्हे, म्हणून नाताळ सूर्यापासून तीन-चार दिवस सुटा राहिला. सूर्य पुढे गेला, सण आपापल्या तारखांना घट्ट धरून बसले. रशियाचा नाताळ ७ जानेवारीला येतो याचं कारणही हेच, तिथलं चर्च जुनं पंचांग पाळतं आणि ते आता १३ दिवस मागे आहे.

झाडाबद्दल थोडक्यात. मध्ययुगात २४ डिसेंबर हा आदाम-हव्वेचा दिवस, आणि त्या दिवशीच्या नाटकात सफरचंदं लटकवलेलं हिरवं झाड लागायचं. ऱ्हाइन नदीच्या काठी, अल्सेसमध्ये, सोळाव्या शतकात नाताळच्या झाडांच्या नोंदी मिळतात, आणि १६०५ मध्ये स्ट्रासबुर्गच्या घराघरांत कागदी गुलाब आणि सफरचंदं लावलेलं झाड उभं असल्याचं एक जण लिहितो. इंग्लंडमध्ये ते सामान्य घरात शिरलं १८४८ नंतर, राणी व्हिक्टोरियाच्या घरचं झाड एका सचित्र साप्ताहिकात छापून आल्यावर. विजेच्या दिव्यांचं पहिलं झाड १८८२ चं, न्यूयॉर्कमधलं, एडिसनच्या एका सहकाऱ्याच्या घरचं. म्हणजे ठाण्यातल्या गोठ्याची वंशावळ अल्सेसच्या झाडाहूनही तीनशे वर्षं जुनी. घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांत ख्रिसमस ट्री म्हणून कुंडीत मिळतो तो बहुधा अरोकेरिया, दक्षिण गोलार्धातला. तो घेणार असाल तर त्याला भरपूर उजेड द्या, आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवा आणि माती पूर्ण सुकू देऊ नका. खालची फांदी एकदा वाळली की त्या जागी पुन्हा फुटत नाही. आणि लाल पानांचा पॉइन्सेटिया पुढच्या वर्षी लाल का होत नाही, असं विचारणाऱ्यांनी बाल्कनीतला दिवा बघावा. त्याला रोज १३-१४ तासांचा सलग काळोख दोन महिने लागतो, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेडसुद्धा तो मोडतो.

सांताक्लॉज म्हणजे मुळात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा चौथ्या शतकातला बिशप निकोलस. हुंड्यापायी तीन मुलींची लग्नं अडली होती, त्याने रात्री गुपचूप त्यांच्या घरात पैसे टाकले, ही त्याची मूळ गोष्ट. डचांनी त्याला सिंटरक्लास म्हणत अमेरिकेत नेलं आणि एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांनी लठ्ठ, लाल, हसरा केला. लाल डगला शीतपेयाच्या जाहिरातीने दिला असं सांगतात, ते बरोबर नाही. ती जाहिरात १९३१ ची, डगला तिच्याही आधीचा. मुलांना सांता दाखवताना त्या तीन मुलींची गोष्ट जरूर सांगावी, आपल्याकडे ती नीट कळते.

चांदणी ही मात्र इथल्या हातांनी मनापासून आपलीशी केलेली वस्तू आहे. जर्मनीतल्या मोराव्हियन पंथाच्या शाळेत एकोणिसाव्या शतकात भूमितीचा धडा म्हणून कागदी तारा करायला शिकवत, त्यातून त्याच पंथाच्या हर्नहुट गावचा पंचवीस टोकांचा तारा निघाला. आपली पाच टोकांची चांदणी त्याहून सोपी, आणि ज्याला आकाशकंदील बांधता येतो त्याला ती येतेच. दोन-दोन फुटांच्या दहा बांबूच्या काड्या आणि चार-पाच इंचांचे पाच तुकडे. पाच काड्यांची एक चांदणी, काडी एकीच्या वरून आणि दुसरीच्या खालून जाईल अशी विणून, टोकं दोऱ्याने बांधायची. तशीच दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं जोडायची आणि मग आतल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांत ते छोटे तुकडे उभे अडकवायचे. चांदणी फुगते आणि ताठ होते. तुकडे सहा इंचांवर गेले तर टोकाकडची काडी तडकते, तीन इंचांचे केले तर चांदणी चपटी राहते आणि दिवा कागदाला टेकतो. दहा काड्या एकत्र धरून एकाच वेळी कापाव्यात. अर्ध्या इंचाचा फरकही चांदणीला तिरकी करतो. पतंगाचा कागद खळीने चिकटवावा, मागचं एक पान दिव्यासाठी उघडं ठेवावं.

फराळाबाबतही हाच शेजार. ईस्ट इंडियन घरातली नेवरी म्हणजे करंजी, आणि कलकल म्हणजे शंकरपाळीची वळवलेली बहीण. अर्धा किलो मैदा, ७५ ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम पिठीसाखर, ५० ग्रॅम कडकडीत तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, दोन अंडी आणि नारळाचं जाड दूध लागेल तसं, साधारण एक वाटी. पीठ पुरीच्या कणकेहून किंचित सैल, ओल्या फडक्याखाली पाऊण तास. मग बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर ठेवून अंगठ्याने दाबत पसरायची आणि त्याच अंगठ्याने खालून वर गुंडाळायची. बाहेर रेघा उठतात आणि शिंपला तयार होतो. पूर्वी यासाठी कोरी फणी वापरत. गुंडाळीची कड नीट दाबली नाही तर तेलात कलकल उलगडतो. मोहन जास्त झालं तर तो तेलात विरतो आणि सगळं तेल गढूळ होतं. साखर जास्त झाली तर बाहेरून लगेच तांबूस दिसतो आणि आत कच्चा राहतो. फणीच्या रेघांवर भेगा पडल्या की पीठ सुकलंय असं समजावं आणि हाताला दूध लावून पुन्हा मळावं. आच मध्यमपेक्षा कमी. बाहेर काढल्यावर रंग आणखी चढतो, म्हणून फिकट बदामी असतानाच काढायचा. हवा असल्यास एक वाटी साखरेचा दोनतारी पाक करून त्यात परतावा, साखर पांढरी सुकेपर्यंत हलवत राहावं. डबा पूर्ण गार झाल्यावरच भरायचा, कोमट कलकल स्वतःच्या वाफेने मऊ पडतो. अर्ध्या किलोच्या पिठाला दोघी जणींना दोन तास लागतात, आणि एकटीने हे काम करू नये. गोळ्या वळणारी आणि गुंडाळणारी वेगळी असली तरच पीठ सुकण्याआधी संपतं.

फुगे हा आणखी एक खास पदार्थ. मैदा, अंडी, नारळाचं दूध, यीस्ट, थोडी साखर. पूर्वी यीस्टच्या जागी ताडी असायची. सैल पीठ फुगल्यावर मुठीत धरून अंगठा आणि तर्जनीमधून पिळायचं आणि गोळा तेलात सोडायचा. ही हातोटी लिहून येत नाही. पाहून येते.

वाशी, नेरूळ, सीवूड्सकडे नाताळ आणखी निराळा दिसतो. तिथल्या मल्याळी घरांत १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचा उपास पाळणारे आहेत, मांस-मासे वर्ज्य. तो सुटतो नाताळच्या सकाळी, अप्पम आणि स्ट्यूवर. केकसाठी मनुका, काजू, टूटीफ्रूटी आणायला तुर्भ्याच्या मसाला मार्केटला रांगा लागतात, आणि ज्यांनी मनुका रममध्ये नोव्हेंबरातच भिजवल्या त्यांचाच केक नाताळला नीट मुरलेला असतो. ऐन वेळी भिजवलेल्या फळांचं पाणी केकमध्ये सुटतं आणि फळं तळाशी बसतात. तसं झालंच तर फळं निथळून चमचाभर मैद्यात घोळवून घ्यावीत. मध्यरात्रीची मिस्सा आता अनेक ठिकाणी मध्यरात्रीची राहिलेली नाही, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही म्हणून ती आधी उरकते. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चकडे त्या संध्याकाळी गेलात तर नऊवारी लुगड्यातल्या आजी आणि सूटबुटातले नातू एकाच बाकावर दिसतील.

गोठा ६ जानेवारीनंतर उतरवावा, त्याआधी नाही, राजे नुकते पोचलेले असतात. पेंढा कुंड्यांत आच्छादन म्हणून घालता येतो, गव्हाचं गवत मुळासकट उलटं करून मातीत गाडावं. चांदणीचा कागद फाडून टाकायचा, सांगाडा माळ्यावर. मूर्ती ओल्या फडक्याने पुसू नयेत, प्लास्टरचा रंग निघतो. कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि नाकाची, बोटांची बाजू वर ठेवून खोक्यात लावायची. बाळाची पुडी निराळ्या डबीत, वर नाव घालून ठेवावी. पुढच्या वर्षी खोकं उघडल्यावर ती शोधावी लागते सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा रात्रीचे बारा वाजलेले असतात.